तुरुंगातल्या प्रत्येक दिवसाखाली कुणाची तरी सही असते

२९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका माणसाला जामीन दिला. २७ मे रोजी गाझियाबादच्या न्यायालयातून त्याच्या सुटकेचा आदेश निघाला. माणूस तरीही तुरुंगातच राहिला. ज्या कलमाखाली गुन्हा दाखल होता ते कलम आदेशात होतं, त्याचं उपकलम मात्र लिहायचं राहून गेलं होतं. हाच कैदी, हाच गुन्हा, यात कुणालाच संशय नव्हता. तरी तुरुंगाचं दार पुढचे अठ्ठावीस दिवस उघडलं नाही. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथून अधिकाऱ्यांना हजर राहण्याचं फर्मान निघालं आणि २४ जूनला सुटका झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने राज्य सरकारला पाच लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि जिल्हा न्यायाधीशांकडे चौकशी सोपवली.

या माणसाचं नशीब असं की त्याच्यासाठी दुसऱ्यांदा दिल्ली गाठणारा वकील होता. ज्याचा वकील तालुक्याच्या कोर्टातही तारखेला वेळेवर येत नाही, त्याचे अठ्ठावीस दिवस कुणी मोजले असते?

आपल्याकडे तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘व्यवस्थे’वर जाते. न्यायाधीश कमी, खटले जास्त, पोलिसांवर ताण, तुरुंगात गर्दी. यातलं काहीच खोटं नाही. पण या बोलण्याने एक गोष्ट झाकली जाते. माणूस तुरुंगात आपोआप राहत नाही. त्याचा तिथला प्रत्येक पंधरवडा कुणीतरी वाढवलेला असतो. कुणीतरी कोठडी मागणारा रिमांड रिपोर्ट लिहितो, कुणीतरी जामिनाला ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून हरकत घेतो, कुणीतरी ‘कोठडी वाढवली’ एवढं लिहून खाली सही करतो. कुणीतरी त्याला न्यायालयात न्यायला गाडी आणि गार्ड देत नाही. ही सगळी पगारी, हुद्देवाली माणसं आहेत आणि त्यांच्या सह्या कागदावर आहेत. माझं म्हणणं एवढंच की खटल्याविना गेलेल्या तुरुंगवासाचा हिशेब या सह्यांपर्यंत नेला पाहिजे. तो ‘व्यवस्था’ नावाच्या निराकार गोष्टीपाशी थांबतो, तोवर काहीही बदलणार नाही.

देशाच्या तुरुंगांची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ सालची आकडेवारी पाहा. एकूण ५,७३,२२० कैदी, त्यात ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारातले तीन असे, ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. पाच वर्षांहून जास्त काळ कच्चे कैदी म्हणूनच आत असलेल्यांची संख्या अकरा हजारांच्या वर. यांच्यात दोषी असतील, निर्दोषही असतील. ते ठरवण्यासाठीच खटला असतो आणि तोच उभा राहत नाही.

हे आज सुरू झालेलं नाही. १९७९ साली कपिला हिंगोरानी या वकील महिलेने वर्तमानपत्रातल्या लेखांच्या आधारे बिहारच्या कैद्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात नेली. ते लेख राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांच्या तुरुंगभेटींवर आधारलेले होते. आरोप शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून जास्त काळ लोक खटल्याविना आत होते. हुसैनआरा खातून खटला म्हणून तो ओळखला जातो. न्या. पी. एन. भगवती यांनी त्यात सांगितलं की वेळेत खटला चालणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला, जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण न्या. कृष्णा अय्यर यांच्यापुढे आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खाली दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि जामीनदार म्हणून पुढे आलेला भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. कृष्णा अय्यरांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्याच हमीवर, सोडायला लावलं आणि गरिबाला परवडणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, हे खडसावून सांगितलं.

म्हणजे हक्क काय आहे हे सांगून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली. हक्क मोडणाऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही टाळला गेला आणि आजही टाळला जातो.

तो टाळला जाऊ नये म्हणून एक वाट १९८३ साली दाखवली गेली होती. बिहारच्या मुझफ्फरपूर तुरुंगात रुदुल साह हा कैदी होता. सत्र न्यायालयाने त्याला ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडलं. तो तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतरची चौदा वर्षं. त्याला वेड लागलं होतं म्हणून ठेवला, असं तुरुंगाकडून सांगितलं गेलं आणि त्याला आधार देणारा धड कागदही पुढे आला नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी आधीच्या पाच हजारांव्यतिरिक्त आणखी तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्काच्या भंगासाठी पैशात भरपाई देण्याची सुरुवात म्हणून हा निकाल कायद्याच्या पुस्तकात शिकवला जातो. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिची आठवण फारशी काढली जात नाही. राज्याने आपल्या अधिकाऱ्यांनी केलेलं नुकसान भरून द्यावं आणि त्या अधिकाऱ्यांकडून ते वसूल करण्याची वाट राज्याला मोकळी आहे, असं न्यायालयाने म्हटलं होतं.

त्या वाटेने कोणतंही सरकार सहसा जात नाही. भरपाई तुमच्या-आमच्या करातून जाते. अधिकाऱ्याची बढती होते, बदली होते, तो निवृत्त होतो, आणि पुढच्या माणसाच्या टेबलावर तशीच फाईल तशीच पडून राहते.

आसाममधल्या मचांग लालुंग यांच्या बाबतीत तर मोजमापच हरतं. १९५१ साली त्यांना अटक झाली, तेव्हा ते तेवीसएक वर्षांचे होते. तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. ते बरे असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी १९६७ मध्ये दिला. त्यानंतर त्यांना घरी सोडायला हवं होतं किंवा खटला तरी चालवायला हवा होता. ते पुन्हा तुरुंगात गेले आणि २००५ पर्यंत तिथेच राहिले. खटला कधी चाललाच नाही. चोपन्न वर्षांनी एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपये आणि महिन्याला हजार रुपये देण्याचा आदेश केला. २००७ मध्ये ते वारले. १९६७ नंतरच्या अडतीस वर्षांत त्या तुरुंगाला किती अधीक्षक लाभले असतील, किती न्यायाधीश आणि किती वरिष्ठ अधिकारी तपासणीला येऊन गेले असतील! कैद्यांची हजेरी रोज घेतली जाते. म्हणजे मचांग लालुंग रोज मोजले जात होते. मोजणाऱ्यांपैकी एकानेही ‘याचा खटला कुठे आहे?’ असं विचारून ते शेवटापर्यंत लावून धरलं नाही.

लांबचीच उदाहरणं कशाला हवीत? डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कच्च्या कैद्याचा जामीन अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्याच्या खटल्यात सहा वर्षांत १०२ तारखा पडल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक तारखांना त्याला न्यायालयापुढे हजरच केलं गेलं नव्हतं, प्रत्यक्षही नाही आणि दूरदृश्य प्रणालीवरही नाही. आरोपी नाही म्हणून आरोप निश्चित होत नाहीत, साक्षीदार आला असेल तर परत जातो, वकील पुढची तारीख घेतो. रोजनाम्यात ‘आरोपीस हजर केले नाही’ एवढीच ओळ पडते. का हजर केलं नाही आणि कुणामुळे, हे त्या ओळीत नसतं.

हे असं का होतं, ते कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. कैद्याला न्यायचं तर पोलिस मुख्यालयातून गार्ड लागतो. सणाचा बंदोबस्त असतो, निवडणूक असते, मंत्र्यांचा दौरा असतो, आणि पहिली कात्री लागते ती कैद्यांच्या गार्डला. कारागृहाकडे विचारावं तर ‘मुख्यालयाकडून मनुष्यबळ मिळाले नाही’ असं उत्तर येतं. मुख्यालय म्हणतं, आमच्यापुढे प्राधान्याची कामं होती. न्यायालय म्हणतं, आरोपीच नव्हता तर आम्ही काय करणार. तिघांचंही उत्तर खरं असू शकतं, आणि तरी त्या दिवशी एका माणसाच्या तुरुंगवासात आणखी महिनाभराची भर पडलेली असते. दूरदृश्य प्रणालीने हे सुटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात अनेकदा असं होतं की तुरुंगातल्या खोलीत कैद्यांना ओळीने बसवतात, नाव पुकारलं की एकेक जण कॅमेऱ्यासमोर येतो, पलीकडून आवाज येतो, पुढची तारीख सांगितली जाते, आणि तो उठतो. त्याने न्यायाधीशाला काही सांगावं म्हटलं तरी सांगता येत नाही. ताब्यात घेतलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, असं घटनेचं बाविसावं कलम म्हणतं. त्याच्यामागे माणूस प्रत्यक्ष समोर दिसावा, त्याच्या अंगावरचे वळ दिसावेत, त्याला बोलता यावं, असा विचार होता. त्या विचाराचं काही सेकंदांच्या हजेरीत रूपांतर होऊ देणं ही न्यायालयांची जबाबदारी आहे, तुरुंगांची नाही.

कायद्यात तरतुदीच नाहीत, असंही म्हणता येत नाही. तपास साठ किंवा नव्वद दिवसांत पुरा झाला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६अ हे कलम आलं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर सोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. याच कलमात एक वाक्य असं आहे की ते प्रत्येक तुरुंगाच्या कचेरीत भिंतीवर लावायला हवं: मुदत भरली की कारागृह अधीक्षकाने स्वतः न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा आहे. कैद्याने वकील शोधायचा नाही, घरच्यांनी हेलपाटे घालायचे नाहीत. जबाबदारी अधीक्षकाची.

अधीक्षकाने अर्ज केला नाही तर काय? कलम गप्प आहे. दंड नाही, सेवापुस्तकात नोंद नाही, वरिष्ठाला उत्तर द्यायचं बंधन नाही. आणि त्याच कलमाने एक दार बंदही केलं. एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर या सवलतीचा लाभ नाही. एकाच घटनेत पोलिस चार-पाच कलमं सहज लावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अपवादाची व्याप्ती वेगळी समजावून सांगायला नको.

जामीन मिळूनही आत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. घरदार नसलेल्या मजुराला ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार कुठून मिळणार? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देणारी योजनाही आणली. आदेश चांगला आहे, योजनाही चांगली आहे. मात्र सातव्या दिवशी कळवलं नाही म्हणून कुणाला जाब विचारला जात नाही, तोवर आठवा दिवसही पहिल्यासारखाच जातो.

आता त्या गुन्ह्यांकडे येऊ, ज्यांचं नाव काढलं की समाज कान बंद करून घेतो. दहशतवाद, यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, मोक्का म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा. या कायद्यांत जामिनाची वाट मुद्दाम अरुंद केली आहे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असं यूएपीएचं ४३ड(५) हे कलम सांगतं. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं. जामीन अरुंद करायचा असेल तर खटला तेवढाच वेगाने चालवणं हे राज्याचं कर्तव्य व्हायला हवं होतं. झालं उलटच. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्यांनी पाच वर्षं तुरुंगात काढली, २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००६ च्याच मुंबई लोकल स्फोटांचा खटला विशेष न्यायालयात नऊ वर्षं चालला. एका शाळाशिक्षकाला २०१५ मध्ये निर्दोष सोडलं, तेव्हा त्याची नऊ वर्षं गेली होती. उरलेल्या बाराजणांना शिक्षा झाली आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही. त्या स्फोटांत जीव गमावलेल्या १८० हून अधिक माणसांच्या घरच्यांनाही एकोणीस वर्षांनी काय मिळालं? खरा गुन्हेगार कोण, हे अजून त्यांना कळलेलं नाही. चुकीच्या माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवणं हा पीडितांवरचाही अन्याय आहे, हे आपण मोठ्याने म्हणायला शिकलं पाहिजे.

यूएपीएखालच्याच एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले, झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी पार्किन्सनने थरथरत्या हातांनी पेला धरू शकत नव्हते. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावरही पुढची तारीख पडली. ५ जुलै २०२१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेले. खटला सुरूच झाला नव्हता. त्यांचे विचार कुणाला पटोत न पटोत, नळी देण्याचा निर्णय तुरुंगातल्या एका साध्या अधिकाऱ्याला पाच मिनिटांत घेता आला असता.

२०२१ मध्ये के. ए. नजीब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की यूएपीएच्या अटी असल्या तरी खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकतात. जुलै २०२४ मध्ये मुंबईतल्या बनावट नोटांच्या एका प्रकरणात चार वर्षं आरोपच निश्चित झाले नव्हते. तिथे न्यायालयाने सरळ सांगितलं: वेळेत खटला चालवण्याची कुवत सरकारकडे नसेल तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये. सरकारी वकिलाने हे वाक्य प्रत्येक जामीन अर्जाला हरकत घेण्यापूर्वी एकदा वाचावं. हरकतीवर त्याचं नाव असतं, मग खटला कधी उभा राहील याची हमीही त्याच कागदावर, त्याच्याच नावाने द्यायला काय अडचण आहे?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं तर ते घाबरून कुणाला अटकच करणार नाहीत. खरं तर आज ते उलट्या बाजूने घाबरतात. सोडलेल्या माणसाने पुढे काही केलं तर वर्तमानपत्रात नाव येईल, चौकशी लागेल. आत ठेवलेला माणूस निर्दोष निघाला तर कुणी विचारणार नाही. भीतीचं पारडं एकाच बाजूला झुकलं आहे, ते निदान समतोल तरी करा. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात न्यायालयाने हेच करून पाहिलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कारण न नोंदवता अटक केली तर पोलिस अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, आणि डोळे झाकून कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाची कारवाई. निकाल झाला, पण ज्यांच्यावर अशी कारवाई झाली असे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. न्यायाधीशाला त्याच्या आदेशाबद्दल वैयक्तिक जाब विचारला तर न्यायालयाचं स्वातंत्र्य उरेल का? १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा त्यासाठीच आहे आणि तो असायलाच हवा. जामीन दिला किंवा नाकारला, चूक केली किंवा बरोबर केलं, त्याचा निवाडा वरच्या न्यायालयाने करावा. पण निर्णय देणं वेगळं आणि निर्णयच न देणं वेगळं. जामिनाचा अर्ज महिनोन् महिने तारखांवर ठेवणं, कोठडीचा छापील मजकूर कारणाशिवाय पुढे चालवणं, यात न्यायबुद्धी वापरलीच जात नाही, मग तिच्या संरक्षणाचा प्रश्न कुठे येतो? याची मोजदाद उच्च न्यायालयांनी प्रशासकीय पातळीवर करावी. बढतीच्या वेळी किती खटले निकाली काढले हे पाहतात, तसे किती कच्चे कैदी किती काळ आपल्या पटावर होते, हेही पाहावं.

पोलिस आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी तर कायदा आधीच आहे. आपण कायद्याविरुद्ध वागतोय हे माहीत असूनही माणसाला डांबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, हे भारतीय दंड संहितेचं २२०वं कलम होतं. भारतीय न्याय संहितेत ते २५८ झालं. ते वापरायचं तर बऱ्याचदा सरकारची पूर्वपरवानगी आडवी येते. नव्या संहितेत या परवानगीला १२० दिवसांची मर्यादा घातली आहे, मुदत गेली की परवानगी मिळाली असं धरायचं. हा बदल चांगला आहे. दुसरीकडे विनाकारण अटक झालेल्या माणसाच्या भरपाईची कमाल मर्यादा जुन्या संहितेत एक हजार रुपये होती, नव्या संहितेतही ती एक हजारच आहे. शिवाय ती पोलिसाने द्यायची नाही, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने द्यायची.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, तेव्हा बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असं लेखी नोंदवून त्या कलमातून अंग काढून घेतलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेच रुदुल साह, नीलाबती बेहेरा (कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण) अशा निकालांमधून भरपाई देऊन तो आक्षेप निकालात काढला. सरकारने मात्र तो मागे घेतलेला नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी कायदा आणि विशेष न्यायालयं सुचवली. तो कायदा आलेला नाही. जर्मनीत अशा कोठडीच्या दर दिवसाला ७५ युरो असा दर कायद्यातच लिहिला आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जाऊन दया मागावी लागत नाही. आपल्याकडे हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख मिळाले, मचांग लालुंग यांना तीन लाख. दोघांवरचा अन्याय खरा, पण रक्कम कायद्याने न ठरवता प्रकरणागणिक ठरली की अशी दरी पडते.

भरपाईचा कायदा संसदेने करायचा आहे, त्याला वेळ लागेल. अधीक्षकाच्या अर्जाचा हिशेब मात्र आजच मागता येतो. कारागृहं राज्याच्या अखत्यारीत आहेत, तेव्हा विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराने गृह विभागाला एवढं विचारावं: राज्यातल्या प्रत्येक कारागृहात कलम ४७९ ची मुदत पूर्ण केलेले किती कैदी आहेत, त्यातल्या किती जणांसाठी अधीक्षकांनी अर्ज केला, मुदत भरल्यापासून किती दिवसांनी केला, आणि ज्यांच्यासाठी केला नाही त्या प्रत्येक कैद्यामागे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव काय. गार्डअभावी चुकलेल्या तारखांचाही तसाच तक्ता मागावा, जिल्हावार आणि पोलिस मुख्यालयाच्या प्रमुखाच्या नावासह. ही माहिती हजेरीपटांत, रोजनाम्यांत आणि आवक-जावक रजिस्टरांत आधीच लिहिलेली आहे, ती फक्त एकत्र करून पटलावर ठेवायची आहे.